खुरटी वसाहत

काचेच्या बशीतल्या यीस्टच्या या वसाहती नीट पाहा. बहुतेक टपोऱ्या, एकसारख्या. मधूनच एखादी खुरटी. १९४९ च्या सुमारास पॅरिसमध्ये बोरिस एफ्रुसी यांनी या खुरट्या वसाहतींचा माग काढला. फ्रेंचमध्ये ‘पतीत’, म्हणजे छोटी, हे नाव त्यांना तिथेच मिळालं.

या पेशींच्या मायटोकॉन्ड्रियातला, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरातला, डीएनए बिघडलेला किंवा पूर्ण नाहीसा झालेला असतो. त्यांना श्वसन जमत नाही. पण यीस्ट साखर आंबवून तगून राहतं. म्हणूनच ते अभ्यासाला इतकं मोलाचं ठरलं: हा डीएनए गमावूनही ही पेशी जिवंत असते. तिला साखरेऐवजी ग्लिसरॉलवर ठेवा, जे आंबवता येत नाही; वाढ थांबते. नेमकं काय हरवलंय, ते लगेच कळतं.

यीस्टचा हा डीएनए सुमारे ८५ हजार बेसजोड्यांचा, म्हणजे अक्षरांच्या जोड्यांचा. माणसाचा जेमतेम साडेसोळा हजारांचा. यीस्टच्या या डीएनएच्या राखणीची सगळी प्रथिनं मात्र केंद्रकातल्या जनुकांवरून बनून येतात. एबीएफ-२ नावाचं प्रथिन त्याला वाकवून, घट्ट गुंडाळून ठेवतं. एमआयपी-१ त्याची नक्कल करतं आणि चुकीचं अक्षर लागलं तर स्वतःच खोडतं. हे खोडणं बंद पाडलं, की चुका शेकडो पटींनी वाढतात.

तुटलेला धागा सांधायला पेशी दुसऱ्या प्रतीतला जुळणारा तुकडा वापरते. खरी अडचण इथेच आहे. या डीएनएत जी-सी अक्षरांचे छोटे, एकमेकांसारखे पट्टे जागोजागी विखुरलेत. सांधताना दोन चुकीचे पट्टे जुळले, तर मधला भाग गळून पडतो. जो सांधा वाचवतो, तोच असा घातही करतो. पण त्याच्यावाचून पेशीचं भागत नाही: त्या कामातलं एमजीएम-१०१ हे प्रथिन काढून टाकलं, तर हा डीएनएच टिकत नाही.

मला सर्वांत थक्क करतं ते अकोनिटेज. क्रेब्ज चक्रातलं, म्हणजे अन्नातून ऊर्जा काढणाऱ्या क्रियांच्या साखळीतलं, हे ओळखीचं विकर डीएनएलाही धरून ठेवतं, हे २००५ मध्ये समोर आलं. त्याची रासायनिक क्रिया निकामी केली, तरी ही राखण चालूच राहते!

आता सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. पेशीला कळी फुटतेय. चमकणारे ठिपके म्हणजे डीएनएचे पुंजके. मायटोकॉन्ड्रियाच्या नळीतून ते कळीत सरकताहेत. कळी त्यांच्यावाचून सुटली, तर बशीत आणखी एक खुरटी वसाहत उगवेल.