भजनाच्या उसळीतली भूत मिरची

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय परसातल्या जहाल मिरचीबद्दल. लवंगी आपल्याला नवी नाही. मी म्हणतोय ती ईशान्येकडची भूत जोलोकिया. 2007 साली गिनीज बुकात जगातली सर्वात तिखट मिरची म्हणून तिची नोंद झाली. तिखटपणा मोजायच्या स्कोव्हिल मापावर 10 लाखांच्या वर. पुढे दुसऱ्यांनी तिला मागे टाकलं, पण आपल्या जिभेला एवढी पुरे.

माझ्या मागील दारी तिचं एक झाड आहे. पण वाडीत तिची कीर्ती झाली ती शेजारच्या काकींमुळे.

काकींच्या गडग्यालगत, उंचवट्यावर, एक मिरचीचं रोप आपसूक उगवलं. वरून विजेची तार जाते, तिच्यावर दिवसभर बुलबुल. पाखरांना मिरचीचा तिखटपणा जाणवतच नाही. ती फळ खातात आणि बी शाबूत टाकतात. श्रावणात त्या रोपाला अंगठ्याएवढ्या, सुरकुतलेल्या, लालभडक मिरच्या धरल्या. फुगीर मिरची तिखट नसते, हा काकींचा हिशोब. गणपतीत भजनाच्या रात्री काळ्या वाटाण्याच्या उसळीच्या वाटपात त्यांनी त्यातल्या चार घातल्या. रंग काय सुरेख आला!

भजन रंगलं होतं. पेटी, पखवाज, टाळ, बस्स. हल्ली काही मंडळी कॅसिओ आणतात, मला ते मुळीच पटत नाही. ठेका हातातून यावा, बटणातून नव्हे. असो.

मध्ये उसळ-पाव आला. पहिला घास बुवांचा. बुवा गप्प. दुसरा पखवाजवाल्याचा, तो ताट तिथेच टाकून विहिरीकडे पळाला. कळशीभर पाणी प्यायला, तोंड तसंच पेटलेलं. पाण्याने काय होणार? हे तिखट तेला-तुपात विरघळतं, पाण्यात नाही. आतून कुणी ओरडलं, "काकी, उसळीत काय गे घातलंस?" काकींनी सोलकढीसाठी काढलेला नारळाचा रस पेले भरभरून वाटला, तेव्हा कुठे बुवांना वाचा फुटली. पुढचा अभंग त्यांनी जो वरच्या पट्टीत धरला, तसा मी पुन्हा ऐकला नाही.

आता लागवड. वेळ थोडाच उरलाय. बुलबुलाने जागा कशी नेमकी निवडली बघा: उंचवटा, पावसाचं पाणी वाहून जाणारा. आपल्या पावसात मिरची मरते ती मुळाशी पाणी साचून. पुन्हा सांगतो, मुळाशी पाणी साचू देऊ नका. कुंडी असेल तर खालचं भोक मोकळं ठेवा. बी रुजायला कधीकधी महिनाही घेतं, उकरून बघू नका. पानं आकसली की बोकड्या आला समजा. तो आणणारे फुलकिडे आणि कोळी, म्हणजे बारीक कीड, पानांच्या खालच्या बाजूला असतात, तेव्हा निंबोळी अर्क खालूनच फवारा.

आणि मिरची कापताना हातमोजे. कापताना हातमोजे! खरा जाळ बियांत नसतो, आतल्या पांढऱ्या शिरांत असतो. हाताला लागलंच तर आधी खोबरेल चोळा, मग साबण. तोवर डोळ्यांना हात लावू नका. नमस्कार.