घरातली जुनी औषधं टाकायची कुठे?

नमस्कार मंडळी. आज जरा तुमच्या घरातला औषधांचा डबा उघडा. अर्धी राहिलेली अँटीबायोटिकची स्ट्रिप, गेल्या पावसाळ्यातलं खोकल्याचं सिरप, आजोबांच्या बीपीच्या गोळ्या ज्या डॉक्टरांनी केव्हाच बदलल्यात, असलं काहीतरी सापडेलच.

तारीख बघा. नुसता महिना आणि वर्ष छापलं असेल तर त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत औषध चालतं. पण डोळ्याचे ड्रॉप्स उघडले की साधारण महिनाभरच, छापलेली तारीख कितीही लांबची असो.

बेसिनमध्ये ओतू नका, संडासात टाकू नका. आपले सांडपाण्याचे प्लांट औषधं काढायला बनलेलेच नाहीत, ती सरळ नदीत जातात, आणि अँटीबायोटिक असं थोडं थोडं पाण्यात राहिलं की जंतू त्याला सरावतात. अपवाद आहे तो मॉर्फिन, फेंटानिल (फार तीव्र वेदनांवरची औषधं) यांसारख्या औषधांचा, कॅन्सरचा पेशंट असलेल्या घरात ती असतात. 2025 मध्ये केंद्राच्या औषध नियंत्रण संस्थेने अशी 17 औषधं फ्लश करायला सांगितलीत, कारण एखादा डोस चुकून लहान मुलाच्या पोटात गेला तर जीवावर बेतू शकतं.

बाकीची औषधं घनकचरा नियमांप्रमाणे ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकायची नाहीत, वेगळी द्यायची. केरळात तर सरकारचा औषध विभागच ती लोकांकडून गोळा करतोय, कोझिकोडपासून सुरुवात केली. मुंबईत महापालिका 2025 पासून नोंदणी केलेल्या सोसायट्यांकडून असा कचरा वेगळा नेते. हे तालुक्याच्या गावातसुद्धा व्हायला हवं, नगरसेवकाला विचारा, मागे लागा, मागितल्याशिवाय मिळत नाही हो!

तोवर काय करायचं, तर गोळ्या स्ट्रिपमधून काढा, वापरलेल्या चहापावडरीत नाहीतर मातीत कालवा, पिशवी घट्ट बांधा आणि वर "औषधं" असं लिहून घंटागाडीवाल्यांच्या हातात वेगळी द्या. ओल्या कचऱ्यात अजिबात नको, त्याचं खत होतं. जाळू पण नका, इन्हेलर तर तापला की फुटतो.

आणि इन्सुलिनच्या सुया, प्लीज, उघड्या टाकू नका. आपला कचरा ताई-दादा हाताने निवडतात, सुई टोचली की हिपॅटायटिस बी, एचआयव्ही अशा आजारांची भीती. जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत भरा, झाकण घट्ट लावा, वर लाल खूण करा आणि देताना आत सुया आहेत हे तोंडाने सांगा.