लग्न झालंय का?

(दृश्य: परळ, सकाळचे साडेआठ. स्टेशनकडून हॉस्पिटलच्या दिशेने निघालेली गर्दी, हातात फाईली, एक्सरेची मोठी पाकिटं.)

परळ स्टेशनला उतरून थोडं चाललं की केईएम, वाडिया आणि टाटा, तिन्ही हॉस्पिटलं एकाच पट्ट्यात. तिकडे सीएसएमटीजवळ कामा, ते तर 1886 पासून बायकांसाठीच म्हणून उभं आहे. शिवाय सायन, नायर, कूपर, पालिकेची प्रसूतिगृहं, दवाखाने आणि प्रत्येक नाक्यावर मेडिकल. म्हणजे तरुण मुलीला स्वतःचं काही दाखवायचं असेल तर मुंबईत सोय नाही असं कोणी म्हणणार नाही. अडतं दुसरीकडेच. केसपेपरच्या खिडकीवर एक प्रश्न विचारतात, मग ओपीडीच्या दारातल्या सिस्टर तोच विचारतात, मग डॉक्टर, आणि सोनोग्राफीवालेसुद्धा. लग्न झालंय का?

वाईट हेतूने विचारतात असं नाही हां, हे आधीच सांगते. डॉक्टरांना खरंच दोन गोष्टी कळायला हव्या असतात. दिवस गेलेले असू शकतात का, आणि आतून तपासणी करावी की पोटावरूनच सोनोग्राफी करायची, म्हणजे ते पाच-सहा ग्लास पाणी ढोसून लघवी धरून बाकड्यावर बसायचं. पण या दोन्हीचा संबंध लग्नाशी नाही ना, शरीरसंबंध आलेत की नाही याच्याशी आहे. आणि ते सरळ विचारायला जीभ रेटत नाही, त्यात शेजारच्या स्टुलावर आई बसलेली, मग लग्नाचं विचारायचं आणि त्यावरून अंदाज बांधायचा. लग्न नाही म्हणजे संबंध नाही, संबंध नाही म्हणजे प्रेग्नन्सी नाही. कागदावर सगळं नीट जुळतं.

(दृश्य: फक्त हात. साडीच्या दुकानात घड्या घालणारे. चेहरा नाही.)

ही मुलगी भांडुपला राहते, दादरला साडीच्या दुकानात कामाला आहे, वय 22. नाव नको म्हणाली, चेहरा तर नकोच. तिच्या पोटात उजव्या बाजूला दुखत होतं आणि पाळी लांबली होती. आईला घेऊन एका नर्सिंग होममध्ये गेली, म्हणजे आईच घेऊन गेली खरं तर. विचारलं, लग्न झालंय का, आईच म्हणाली नाही हो, अजून बघतोय आम्ही स्थळं. झालं. अॅसिडिटीची गोळी, दुखण्याची गोळी, आणि बाहेरचं खाऊ नको.

पाळीचं तिला कोणी विचारलंच नाही आणि तिने सांगितलंही नाही. सांगणार कशी?

गर्भ होता, पण गर्भाशयाच्या पिशवीत नाही, बीज पिशवीकडे नेणाऱ्या नळीत. नळी म्हणजे बारीक गोष्ट, त्यात गर्भ वाढायला लागला की ती फुटू शकते आणि पोटातल्या पोटात रक्तस्राव होतो, बाहेर फारसं काही दिसतही नाही. रात्री ती न्हाणीत चक्कर येऊन पडली तेव्हा सरकारी हॉस्पिटलात नेलं, ऑपरेशन झालं, एक नळी काढावी लागली. वाचली. पोटात दुखतंय आणि पाळी लांबलीय अशी तरुण बाई समोर आली की आधी लघवीची तपासणी, हा नियम डॉक्टरकीच्या पुस्तकात आहेच. ते कार्ड मेडिकलमध्ये साध्या वडापाव-चहाच्या खर्चात मिळतं. सकाळच्या लघवीचे दोन-तीन थेंब त्या छोट्या खळग्यात टाकायचे, पाच मिनिटं थांबायचं, एक रेघ आली तर नाही, दोन आल्या तर आहे. गर्भ नळीत आहे का पिशवीत हे कार्ड सांगत नाही, पण आहे एवढं तरी सांगतं, मग सोनोग्राफीत शोधता येतं.

हे कार्ड घरी वापरायचं म्हटलं तरी कुठे वापरणार हो. दहा बाय बाराची खोली, माणसं पाच, चाळीत संडास कॉमन आणि बाहेर रांग. एका मुलीने सांगितलं की तिने टेस्ट मॉलच्या टॉयलेटमध्ये केली आणि कार्ड टिशूत गुंडाळून पर्समध्ये घातलं ते थेट कुर्ल्याला कचऱ्याच्या डब्यात टाकलं. दुसरी म्हणाली मी लेडीज डब्यात विकायला येतं ना ते खोटं मंगळसूत्र घेतलं, दवाखान्याच्या कोपऱ्यावर घालायचे, बाहेर आल्यावर काढायचे. तिला हसू येत होतं सांगताना. दवाखान्यात वागणूक एकदम बदलते म्हणे, बस बाळा, पाणी पी बाळा.

(दृश्य: गिरगाव. विल्सन कॉलेजची दगडी इमारत, समोर चौपाटी.)

याच विल्सन कॉलेजात एक गणिताचे प्राध्यापक होते, रघुनाथ धोंडो कर्वे. महर्षी कर्व्यांचा मुलगा. 1921 मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं, पत्नी मालतीबाई सोबत होत्या. कॉलेजला ते पचलं नाही, नोकरी गेली. मग 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक, ते 1953 ला स्वतः जाईपर्यंत चालवलं, पैशाची कायम ओढाताण. या मासिकात वाचक प्रश्न पाठवायचे आणि कर्वे उत्तरं द्यायचे, आडपडदा न ठेवता, समोरचा कोण आहे याची चौकशी न करता. त्याच प्रश्नोत्तरांवरून अश्लीलतेचा खटला झाला आणि 1934 मध्ये कर्व्यांचं वकीलपत्र घेतलं डॉ. आंबेडकरांनी. खटला हरले, दंड झाला, कर्वे परत आले आणि पुढचा अंक काढला. नव्वद वर्षं झाली या गोष्टीला. आणि आपण 2007 मध्ये महाराष्ट्रात शाळेतल्या लैंगिक शिक्षणावर बंदी आणली होती, हेही याच राज्यात घडलं, नोंद असू द्या.

(दृश्य: वस्तीत फिरणारी आरोग्य सेविका, काखेत जाड रजिस्टर.)

या ताई घरोघर जातात. त्यांच्या रजिस्टरात एक यादी असते, पात्र जोडप्यांची. पात्र म्हणजे लग्न झालेली आणि बाई 15 ते 49 वयाची. या घरांमध्ये गर्भ टाळायचं निरोध, माला-एन गोळी, छाया गोळी, अंतरा इंजेक्शन सगळं सांगितलं जातं आणि सरकारी केंद्रात ते फुकट मिळतं. छाया ही हार्मोन नसलेली गोळी आहे, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग आठवड्यातून एकदाच. अंतरा दर तीन महिन्यांनी. चांगल्या गोष्टी आहेत या. पण 24 वर्षांची बिनलग्नाची मुलगी त्या यादीत कुठल्याच ओळीत बसत नाही, तिच्यासाठी रकानाच नाही, म्हणजे ताईंची इच्छा असली तरी त्या काय लिहिणार. मग ती जाते मेडिकलवर.

मेडिकलवर तिला मिळते ती इमर्जन्सी गोळी, आणि काळी पिशवी. प्लास्टिकबंदी 2018 ला आली पण या एका कामाला काळी पिशवी कुठून तरी निघतेच. गोळीबरोबर माहिती मात्र मिळत नाही, म्हणून इथे सांगते. संबंधानंतर 72 तासांच्या आत घ्यायची, पण 72 तास आहेत म्हणून थांबायचं नाही, जितकी लवकर तितका उपयोग जास्त. ती बीज बाहेर पडणं पुढे ढकलते, गर्भ राहिला असेल तर तो पाडत नाही. पुढची पाळी मागेपुढे होऊ शकते, आठवडाभराहून जास्त लांबली तर कार्ड वापरून बघायचं. उद्या परवाच्या संबंधासाठी ती चालत नाही आणि गुप्तरोगापासून अजिबात वाचवत नाही, त्याला कंडोमच. आणि पाच दिवसांच्या आत तांबी, म्हणजे कॉपर-टी, बसवली तरी गर्भ टळतो, गोळीपेक्षाही खात्रीने, पण हे सांगणार कोण, तांबी म्हणजे एक मूल झाल्यावरच असं सगळ्यांनी मनात धरलेलं.

(दृश्य: ओपीडीबाहेरचं बाकडं. भिंतीवर ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ ही पाटी.)

ही पाटी प्रत्येक ठिकाणी दिसते. लिंग तपासून घेणं गुन्हा आहे, त्याचा पहिला कायदा देशात महाराष्ट्राने केला 1988 ला. पण या पाटीमुळे कितीतरी मुलींना वाटतं की गर्भपातच बेकायदा आहे. तसं नाहीये. गर्भपाताचा कायदा 1971 पासून आहे. 2021 च्या दुरुस्तीत नवरा हा शब्द काढून जोडीदार घातला, म्हणजे गर्भ टाळायचं साधन फेल गेलं हे कारण बिनलग्नाच्या बाईलाही लागू झालं. 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. 20 ते 24 आठवडे काही ठराविक परिस्थितीत, दोन डॉक्टरांच्या मताने, आणि 29 सप्टेंबर 2022 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की त्यातही लग्न झालेली-न झालेली असा फरक करता येणार नाही. गोळ्यांनी करायचा तर 9 आठवड्यांपर्यंत, तोही डॉक्टरांच्या देखरेखीत, ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून गुपचूप आणून नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मुलगी 18 पूर्ण असेल तर सही फक्त तिची. आईची नाही, बापाची नाही, नवऱ्याचीसुद्धा नाही. तरी ‘घरचं कोणीतरी घेऊन ये’ म्हणून परत पाठवतात, आम्हाला भेटलेल्या मुलींपैकी एकीला असंच पाठवलं, आणि ती घरचं कोणी न आणता दुसरीकडे गेली, पण तोवर आठवडे वाढले होते. तिचं नाव फोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, हेही त्याच दुरुस्तीत आहे. 18 च्या आतल्या मुलीचं वेगळं, तिथे पालकांची संमती लागते आणि पॉक्सोमुळे, म्हणजे मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या कायद्यामुळे, डॉक्टरला पोलिसांना कळवावं लागतं, पण 2022 च्या त्याच निकालात कोर्टाने म्हटलंय की मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर कळवताना तिचं नाव उघड करायची गरज नाही.

लसीचंही तेच. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर होतो तो बहुतेक वेळा एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे, संबंधातून पसरणाऱ्या. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची एचपीव्हीवरची सर्व्हाव्हॅक लस जानेवारी 2023 मध्ये आली, 9 ते 26 वयासाठी. 14 पर्यंत दोन डोस, पुढे तीन. संबंध सुरू व्हायच्या आधी घेतली तर सगळ्यात चांगली. आणि आया म्हणतात, लग्नानंतर बघू की, आत्ता कशाला. बोंबला! टाटाच्या डॉक्टरांनी मुंबईच्याच वस्त्यांमध्ये दीड लाख बायकांवर अभ्यास केला होता, साधं व्हिनेगरसारखं अॅसिटिक अॅसिड लावून गर्भाशयाच्या मुखाची तपासणी करायची, त्याने या कॅन्सरचे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाले. त्या बायका 35 च्या पुढच्या होत्या. त्यांच्या मुलींना सुई टोचून आधीच टाळता येतंय.

(दृश्य: संध्याकाळ, उपनगरातली एक गल्ली. पहिल्या मजल्यावरची पाटी, अक्षरं धूसर केलेली.)

या डॉक्टरांचा नंबर मुलींमध्ये एकीकडून दुसरीकडे जातो, ट्रेनमध्ये, ऑफिसात, हॉस्टेलवर. जाहिरात नाही काही नाही. आम्ही विचारलं तुमच्यात वेगळं काय, तर वैतागल्या, म्हणाल्या वेगळं कसलं, मी आईला सांगते दोन मिनिटं बाहेर बसा, दार लावते, आणि मग विचारते शेवटची पाळी कधी आली, संबंध आलेत का, काही वापरता का, कोणी जबरदस्ती केली का. लग्नाचं विचारत नाही? विचारते कधीकधी, म्हणाल्या, पण ते पत्रिका द्यायला आली तर.

वेळ संध्याकाळी सहा ते नऊ, बुधवारी बंद.