पावतीवरचे रोखे, कागदावरची श्रीमंती

श्रोतेहो, नमस्कार. १९९२च्या जानेवारीच्या सुरुवातीला दोन हजारांच्या खाली असलेला मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक २२ एप्रिलला ४,४६७ वर पोचला होता. काही शे रुपयांना मिळणारा एसीसीचा शेअर तर नऊ हजारांच्या घरात गेला. कंपनीच्या भट्ट्यांतून निघणारे सिमेंट मात्र त्या पटीत वाढले नव्हते.

मग भाव चढवणारा पैसा आला कुठून? बँकांना ठेवींचा मोठा हिस्सा सरकारी रोख्यांत, म्हणजे सरकारला दिलेल्या कर्जाच्या कागदांत, गुंतवावा लागे. रोकड कमी पडली की एक बँक दुसरीला रोखे विकायची आणि थोड्याच दिवसांत ठरलेल्या भावाने परत घ्यायची. रोख्यांची नोंद हाताने होत असल्यामुळे प्रत्यक्ष रोखे हलतच नसत. त्यांच्याऐवजी हातात यायची ती बी.आर., म्हणजे बँकेची पावती. पैसे मिळाले, रोखे तुमच्या वतीने आमच्याकडे आहेत, एवढाच तिचा अर्थ. पण बँक ऑफ कराड आणि मेट्रोपॉलिटन को-ऑपरेटिव्ह बँक यांनी पाठीशी रोखे नसतानाही अशा पावत्या दिल्या. पैसे देणाऱ्या बँकेच्या खतावणीत मालमत्ता जमा दिसत होती, आणि ठेवीदारांचा पैसा हे सौदे जुळवणाऱ्या हर्षद मेहतांसारख्या दलालांमार्फत शेअर बाजारात उतरला होता.

मला सर्वांत अस्वस्थ करते ती यापुढची गोष्ट. बाजारात रोज थोडेच शेअर हात बदलतात, पण शेवटच्या सौद्याचा भाव साऱ्याच शेअरना लावला जातो. त्यामुळे उसन्या पैशाने केलेल्या मोजक्या खरेदीने, ज्याने काहीच विकले नाही त्याचीही शिल्लक वहीत फुगते. त्या भावाला सर्वांनी एकदम विकायचे ठरवले, तर घेणारा कोण? हा प्रश्न चढत्या बाजारात फार थोड्यांनी विचारला, आणि लोकांनी त्या आकड्यांच्या भरवशावर आणखी कर्जे काढली.

२३ एप्रिलला पत्रकार सुचेता दलाल यांनी स्टेट बँकेच्या रोख्यांच्या हिशेबातील तुटीची बातमी दिली आणि बँका आपापल्या पावत्या ताडून पाहू लागल्या. रिझर्व्ह बँकेने चौकशीसाठी नेमलेल्या जानकीरामन समितीने पुढे काढलेली बँकांची एकूण तूट चार हजार कोटींहून अधिक होती. बँक ऑफ कराड त्याच वर्षी अवसायनात निघाली, आणि आयुष्यात एकही शेअर न घेतलेले तिचे ठेवीदार आपल्याच पैशांसाठी ताटकळत राहिले.