एकाच पायाला सूज आली तर

मंडळी, आधी एक विनंती करते, मग विषयाकडे वळते. घरात कर्करोगाचा रुग्ण असेल आणि त्याच्या एकाच पायाला सूज आली, पोटरी दुखायला लागली, तर कृपा करून तेल चोळत बसू नका. आपल्याकडे पाय दुखतोय म्हटलं की कुणीतरी तेलाची वाटी घेऊन येतंच. त्यामागची माया मला कळते. पण आतल्या शिरेत रक्ताची गुठळी झालेली असेल, तर चोळल्यानं तिचा तुकडा सुटून फुप्फुसात जाऊन अडकू शकतो. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि पायाची डॉपलर सोनोग्राफी, म्हणजे शिरांतला रक्तप्रवाह दाखवणारी तपासणी, करून घ्या. तीत ना सुई टोचतात, ना दुखतं.

बऱ्याच घरांत काय होतं? ‘केमोमुळे असेल’, ‘अशक्तपणा आहे’, ‘मीठ कमी करू’ असं म्हणत आठवडा जातो. दोन्ही पाय सारखेच सुजले तर कारण बहुधा दुसरं असतं. एकच पाय सुजला, किंवा केमोसाठी नळी घातलेला हात सुजला, तर गुठळीचा संशय आधी घ्यायचा. आणि अचानक दम लागला, श्वास घेताना छातीत कळ आली, खोकल्यातून रक्त पडलं किंवा चक्कर येऊन माणूस कोसळला, तर ओपीडीची वेळ बघत बसू नका, थेट कॅज्युअल्टी गाठा.

ही गुठळी योगायोगानं होत नाही, ती या आजाराचाच भाग आहे. कर्करोगाच्या पेशी रक्त गोठवणारे पदार्थ स्वतःच तयार करतात. त्यात गाठीचा शिरेवर दाब, ऑपरेशन, अंथरुणाला खिळणं आणि शिरांच्या अस्तराला इजा करणारी काही औषधं यांची भर पडते. स्वादुपिंड, जठर आणि मेंदूच्या कर्करोगात हा धोका सर्वांत जास्त. मायलोमाच्या, म्हणजे अस्थिमज्जेतल्या एका कर्करोगाच्या, रुग्णांना थॅलिडोमाइड किंवा लेनालिडोमाइड ही औषधं सुरू करतानाच गुठळी टाळण्याचं औषध द्यायचं की नाही, हे ठरवावं लागतं. केमो घेणाऱ्या, घरून ये-जा करणाऱ्या रुग्णांच्या मृत्यूच्या कारणांत खुद्द कर्करोगानंतर गुठळ्यांचा क्रमांक वर लागतो. तरीही पहिल्या भेटीत केस गळण्याबद्दल सविस्तर बोललं जातं, गुठळीबद्दल अवाक्षर नाही. आम्ही डॉक्टर इथे कमी पडतो, हे मी स्पष्टच सांगते.

हे ज्ञान नवं मुळीच नाही. पॅरिसचे डॉक्टर आर्मां त्रूसो यांनी १८६५ साली आपल्या व्याख्यानांत शिरांतल्या गुठळ्या आणि लपलेला कर्करोग यांचा संबंध मांडला होता. पुढे त्यांच्या स्वतःच्याच शिरेत गुठळी झाली, तेव्हा तिचा अर्थ त्यांनी ओळखला. १८६७ मध्ये जठराच्या कर्करोगानं ते गेले.

मग सगळ्यांनाच आधीपासून गुठळी टाळण्याचं औषध द्यावं का? नाही. रक्तस्रावाचा धोका उगाच कशाला ओढवून घ्यायचा? डॉ. आलोक खोराना आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये एक सोपी गुणपद्धत दिली. कर्करोग कुठला आहे, केमोआधी प्लेटलेट साडेतीन लाख किंवा जास्त आहेत का, हिमोग्लोबिन दहाच्या खाली आहे का, पांढऱ्या पेशी अकरा हजारांवर आहेत का, आणि वजन खूपच जास्त आहे का, एवढंच बघायचं आणि त्यानुसार गुण द्यायचे. ही माहिती तुमच्या फाइलमधल्या साध्या सीबीसीत आणि वजनाच्या नोंदीत असते. दोन किंवा अधिक गुण झाले की चर्चा व्हायलाच हवी. २०१९ च्या एका अभ्यासात अशा रुग्णांना ॲपिक्साबॅन ही रक्त गोठू न देणारी गोळी कमी मात्रेत सहा महिने दिली, तेव्हा गुठळ्यांचं प्रमाण १०.२ टक्क्यांवरून ४.२ वर आलं. मोठा रक्तस्राव मात्र १.८ वरून ३.५ टक्क्यांवर गेला. म्हणून माणूस बघून ठरवायचं.

पोटाचं किंवा ओटीपोटाचं कर्करोगाचं मोठं ऑपरेशन झालं, तर गुठळी टाळण्यासाठी हेपरिन जातीचं इंजेक्शन साधारण चार आठवडे चालू ठेवतात. डिस्चार्ज मिळाला की ते बंद पडतं, कारण टोचून घ्यायचा कंटाळा आणि खर्च. ‘घरी किती दिवस घ्यायचं?’ हे निघण्याआधी लिहून घ्या.

गुठळी झालीच तर? रक्त गोठू न देणारी ही औषधं तिला विरघळवत नाहीत. वाढू देत नाहीत, बाकीचं काम शरीर करतं. पूर्वी वॉरफरिन किंवा असेनोकुमारॉल या जुन्या गोळ्या द्यायचे. केमोत उलट्या, जेवण बेभरवशाचं, त्यामुळे मात्रा कधी जमायचीच नाही. २००३ च्या अभ्यासात या गोळ्यांवर सहा महिन्यांत १७ टक्के रुग्णांना पुन्हा गुठळी झाली, डाल्टेपॅरिन या हेपरिन जातीच्या इंजेक्शनवर ९ टक्क्यांना. मग नव्या गोळ्या आल्या. २०२० मध्ये ॲपिक्साबॅन त्या इंजेक्शनच्या तोडीची ठरली आणि रोजचं टोचणं अनेकांचं सुटलं.

पण गोळी सर्वांना चालत नाही. जठर-आतड्यातली गाठ अजून काढलेली नसेल, तर काही गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो, तिथे इंजेक्शनच बरं. प्लेटलेट पन्नास हजारांखाली गेल्या की मात्रा बदलावी लागते. आपल्याकडे विशेष लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे क्षयाच्या उपचारातलं रिफाम्पिसिन आणि फिटसाठीचं फेनिटोइन. या दोन्हींनी नव्या गोळ्यांचा परिणाम घटतो. उलट मेडिकलमधून परस्पर आणलेली डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं रक्तस्रावाचा धोका वाढवतात. काढे आणि चूर्णंसुद्धा डॉक्टरांना सांगा. रागावतील म्हणून लपवू नका.

किती दिवस घ्यायचं, हे सगळेच विचारतात. किमान तीन ते सहा महिने. कर्करोग सक्रिय असेल किंवा केमो चालू असेल, तर त्यापुढेही. २०२५ मध्ये आलेल्या अभ्यासात सहा महिन्यांचे उपचार झालेल्या रुग्णांना ॲपिक्साबॅनची निम्मी मात्रा दिली. गुठळ्या पुन्हा होण्याचं प्रमाण वाढलं नाही आणि रक्तस्राव १५.६ वरून १२.१ टक्क्यांवर आला. तेव्हा सहा महिने झाले की पाकीट संपलं म्हणून गोळी थांबवू नका. मात्रा कमी करता येईल का, ते विचारायला जा.