पट्ट्याखालचं पिस्तूल

टेक्सस. एका सुपरमार्केटचं पार्किंग, भर दुपार. माणूस गाडीत बसतो, दार ओढून घेतो आणि मग बराच वेळ नुसती चुळबुळ करतो. त्याच्या उजव्या कमरेला, पँटच्या आतल्या बाजूनं, होल्स्टरमध्ये, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानात, पिस्तूल आहे. उभा होता तेव्हा सदऱ्याखाली ते कुणाला कळलंही नसतं. बसल्यावर मूठ सीटच्या पाठीला टेकते, नळी खुब्यात रुतते. इथं ड्रायव्हर डावीकडे बसतो, त्यामुळे सीटबेल्टचं बक्कलही नेमकं उजव्या कमरेपाशीच येतं.

म्हणून रोज गाडी चालवणारे काहीजण पिस्तूल पोटाच्या पुढच्या बाजूला घेतात, काहीजण डाव्या कमरेला, मूठ पुढे करून. बेल्ट ओटीपोटावर, मुठीच्या खालून जायला हवा आणि सदरा बेल्टच्या वर मोकळा. आणि होल्स्टर असा, की घोडा, म्हणजे ट्रिगर, पूर्ण झाकलेला राहील. हे सगळं नको म्हणून पिस्तूल कपहोल्डरमध्ये ठेवणारेही भेटतात. करकचून ब्रेक लागला की ते पायाशी, पेडलखाली. आराम म्हणून केलेला हा सगळ्यात वाईट उपाय.

गाडी आणि पिस्तूल यांचं टेक्ससमधलं नातं मात्र आरामाचं नाही. १६ ऑक्टोबर १९९१. किलीन गावातल्या लूबीज कॅफेटेरियाच्या काचेतून एक पिकअप ट्रक आत घुसला आणि चालकानं गोळ्या झाडायला सुरुवात केली. तेवीस माणसं गेली. सुझॅना हप तिथं आईवडिलांबरोबर जेवायला आली होती. तिचा हात पर्सकडे गेला, आणि आठवलं: रिव्हॉल्व्हर बाहेर गाडीत आहे. त्या वेळी ते अंगावर बाळगणं बेकायदा होतं. पकडलं गेलं तर व्यवसायाचा परवाना जाऊन आपलं कायरोप्रॅक्टरचं, म्हणजे मणक्यांवर हातानं उपचार करण्याचं, काम बंद पडेल, या भीतीनं तिनं ते गाडीतच ठेवायची सवय लावून घेतली होती. ती फुटलेल्या खिडकीतून बाहेर पडली. आई आणि वडील दोघंही आत मारले गेले.

पिस्तूल अंगावर बाळगू द्या म्हणून तिनं जागोजागी साक्षी दिल्या. हातात रिव्हॉल्व्हर असतं तर काय झालं असतं, यावर वाद आजही होतात. तो सोडवणं आपल्या हातात नाही. १९९५मध्ये गव्हर्नर जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी पिस्तूल झाकून बाळगायच्या परवान्याच्या कायद्यावर सही केली. पुढच्याच वर्षी सुझॅना राज्याच्या विधिमंडळात निवडून आली. २००७पासून स्वतःच्या गाडीत झाकून ठेवलेल्या पिस्तुलाला परवाना लागेनासा झाला. १ सप्टेंबर २०२१पासून एकवीस पूर्ण केलेल्या, कायद्यानं अपात्र न ठरलेल्या माणसाला ते अंगावर बाळगायलाही परवाना लागत नाही.

तरी जाणकार परवाना काढतात. शाळेपासून हजार फुटांच्या आत भरलेलं पिस्तूल नेणं हा केंद्राच्या कायद्यानं गुन्हा, आणि त्यातून सूट मिळते ती त्या राज्याचा परवाना असलेल्याला. शाळेवरून न जाणारा रस्ता शोधून दाखवा!

राज्याची हद्द ओलांडली की वेगळाच खेळ. न्यू जर्सीत टेक्ससचा परवाना चालत नाही. तिथून नुसतं पलीकडे जायचं असेल, तर १९८६चा केंद्रीय कायदा सांगतो: पिस्तूल रिकामं हवं, ते आणि गोळ्या हाताला येणार नाहीत अशा ठिकाणी हव्यात. डिकी नसेल तर कुलूपबंद पेटीत. डॅशबोर्डचा कप्पा कुलूप लावला तरी पेटी म्हणून धरत नाहीत.

आणि पोलिसांनी थांबवलं तर? ६ जुलै २०१६, मिनेसोटातलं फाल्कन हाइट्स. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या फिलँडो कॅस्टीलनं, आपल्याजवळ पिस्तूल आहे, असं अधिकाऱ्याला शांतपणे सांगितलं. परवाना होता. काही सेकंदांत अधिकाऱ्यानं सात गोळ्या झाडल्या. कॅस्टील गेला. मागच्या सीटवर चार वर्षांची मुलगी होती. पुढच्या वर्षी अधिकारी निर्दोष सुटला. परवान्याच्या वर्गात शिकवतात ते हेच: हात स्टिअरिंगवर, पाकिटाला हात घालण्याआधी तोंडानं सांगा. कॅस्टीलनं सांगितलंच होतं.

डॅलस-ह्यूस्टनच्या आपल्या मराठी मंडळींसाठी एक गोष्ट. एच-वन-बी व्हिसावर असाल तर शिकारीच्या परवान्यासारखा एखादा अपवाद सोडल्यास बंदूक जवळ ठेवणंच गुन्हा आहे, मग ती मित्राची का असेना. ग्रीन कार्डवाल्याला ही अट नाही.

संध्याकाळ. आपला माणूस एका बारसमोर थांबतो. दारावर लाल आकडा: एक्कावन्न टक्के. निम्म्याहून जास्त कमाई दारूची, म्हणजे आत पिस्तूल नाही. तो सीटखालची पोलादी पेटी ओढतो. पेटी जाड तारेनं सीटच्या सांगाड्याला बांधलेली, कारण काच फोडून पिस्तूल पळवणारे गाड्यांवर नजर ठेवून असतात. होल्स्टरसकट पिस्तूल आत जातं. कुलूप लागतं. सदरा खाली ओढून, रिकाम्या कमरेनं तो दाराकडे चालू लागतो. पिस्तूल बाहेर, गाडीत.