शिडाच्या होडीचा पंखा आणि त्याचं ग्रीस

वल्हं मारून झालं की परत नेताना त्याचं पान आपण आडवं करतो, म्हणजे ते वारा कापत मागे जातं. इंग्रजीत त्या हालचालीला ‘फेदरिंग’ म्हणतात. आजच्या विषयातला फेदरिंग पंखा (होडी ढकलणारा प्रोपेलर) हेच पाण्याखाली करतो. इंजिनावर चालताना त्याची पाती पाणी ढकलायच्या कोनात असतात. इंजिन बंद करून शिडावर निघालं की ती वळून प्रवाहाच्या रेषेत येतात. साधा तीन पात्यांचा पंखा शिडावर चालताना मागे बादली बांधल्यासारखा ओढ देतो. ती ओढ टाळायची म्हणून एवढा महाग पंखा घ्यायचा.

इटलीत बनणाऱ्या मॅक्स-प्रॉपसारख्या पंख्याचं पोट उघडलं तर काय दिसतं? प्रत्येक पात्याच्या मुळाशी तिरप्या दातांचं गिअर, आणि तिन्ही गिअर मधल्या एकाच गिअरमध्ये बसलेले. मधलं गिअर शाफ्टला, म्हणजे इंजिनाकडून येणाऱ्या दांड्याला, पक्कं असतं. शाफ्ट फिरला की पाती वळत वळत ठरलेल्या कोनाला अडतात आणि मग सगळा पंखा फिरू लागतो. रिव्हर्सला पाती पूर्ण उलटतात, त्यामुळे मागे जातानाही पकड चांगली मिळते.

आता मुद्दा. ढकलायच्या कोनात जायला पात्यांना इंजिनाचा जोर असतो. रेषेत परतायला मात्र स्प्रिंग नाही, तार नाही, फक्त वाहतं पाणी. दोन-तीन नॉटच्या (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) प्रवाहाला जेवढं ढकलता येईल तेवढंच. म्हणून घट्ट, सुकलेलं ग्रीस म्हणजे या पंख्याला लावलेला ब्रेक. आणि ग्रीसचं अर्धं काम वंगणाचं असलं तरी उरलेलं अर्धं जागा अडवण्याचं आहे: हबमध्ये, म्हणजे पात्यांच्या मधल्या पोकळ गाभ्यात, जिथे ग्रीस नाही तिथे खारं पाणी आणि रेती शिरते.

आपल्याकडे पावसाळ्यात होड्या वर काढतात, तीच या कामाची वेळ. मधेच गरज पडली तर मुंबईच्या उधाणाच्या दिवसांत ओहोटीला होडी भिंतीला टेकवून काही तास कोरडी मिळते. पाण्यात बुडी मारून ग्रीस भरणारेही आहेत, पण ग्रीसच्या भोकाचा स्क्रू काढला की आत पाणी जाणार. नाइलाज असेल तरच करावं.

ग्रीसगन उचलण्याआधी पाती हातानं फिरवून बघा. बोटांच्या जोरावर, न अडखळता, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली पाहिजेत. अडली तर आधी बाहेर बघा, कारण आपल्या कोमट पाण्यात नांगरावर काही आठवडे पडलेल्या होडीच्या पात्यांच्या मुळाशी, हबच्या फटीत, बार्नॅकल (चिकटून बसणारे टणक कवचाचे समुद्री जीव) बसतात. लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या खरवडणीनं ते काढा, तारेचं चाक लावू नका. मग पात्याचं टोक धरून पुढे-मागे हलवा. थोडा खुळखुळाट चालतो. गेल्या वर्षीपेक्षा वाढला असेल तर वहीत लिहा, कारण झीज एका भेटीत कळत नाही.

हबच्या बाजूला आणि मागच्या शंकूवर छोटे सपाट बसणारे स्क्रू असतात. खाचेत नेमका बसणारा स्क्रू-ड्रायव्हर घ्या; खाच एकदा गोल झाली की दुपार तिथेच जाते. स्क्रू काढून एका भोकात ग्रीस निपल (ग्रीसगन जोडायची छोटी तोटी) बसवा आणि दुसरं उघडंच ठेवा. ते बंद राहिलं तर जुनं ग्रीस जाणार कुठे? दाब फटींवर येतो आणि बाहेर मात्र काही निघत नाही. हातानं चालवायच्या गनचा एक दाब साधारण एक ग्रॅम ग्रीस देतो. पाच-सहा दाब द्या, पाती दोन्ही टोकांपर्यंत फिरवा, पुन्हा दाबा. पाती न फिरवता भरत राहिलात तर ग्रीस सरळ वाटेनं बाहेर पडतं आणि गिअरमागचे कप्पे रिकामे राहतात. नवं ग्रीस स्वच्छ रंगात येऊ लागलं की निपल दुसऱ्या भोकात लावून उलट दिशेनंही भरा.

बाहेर येणारं ग्रीस चिंधीवर पसरून उजेडात बघा. दुधट असेल तर पाणी शिरलेलं आहे. बोटाला करकर लागली तर रेती. सोनेरी चमक दिसली तर गिअरचं ब्राँझ झिजतंय. तेव्हा नुसतं भरून भागत नाही, हब उघडावा लागतो. उघडताना दातांवरच्या आणि पात्यांवरच्या खुणांचा फोटो काढा. जोडताना एक पातं एका दातानं चुकलं तर तिन्ही पात्यांचे कोन जुळत नाहीत आणि होडीभर थरथर सुरू होते.

शेवटी निपल काढून स्क्रू परत लावायचे. निपल तसंच ठेवून होडी पाण्यात सोडणं ही नेहमीची चूक. ब्रंटन्स कंपनीच्या ऑटोप्रॉप या दुसऱ्या पंख्यामध्ये प्रत्येक पात्याचं बेअरिंग वेगळं असतं, म्हणून तिथे ग्रीसही पात्यागणिक.

ग्रीस कोणतं, तर पंख्याच्या कंपनीनं सांगितलेलं, पाण्यानं न धुपणारं. गॅरेजमधलं ग्रॅफाइटचं काळं ग्रीस कधीच नको: खाऱ्या पाण्यात ग्रॅफाइट आणि ब्राँझ एकत्र आले की ब्राँझ खाल्लं जातं. दोन जातींची ग्रीस मिसळली तर पातळ होऊन गळू शकतात, म्हणून जात बदलायची असेल तर हब उघडून पुसून घ्या.

मागच्या टोकाचं झिंक (ब्राँझ वाचावं म्हणून आधी स्वतः खाल्ला जाणारा जस्ताचा तुकडा) अर्धं संपलं की बदला. ते स्क्रूंच्या भोवती आधी खाल्लं जातं आणि मग अख्खं गळून पडतं. बसवायची जागा उघड्या धातूपर्यंत घासा. झिंकवर रंग किंवा त्याच्या खाली ग्रीस नको. ब्राँझवर गुलाबी डाग दिसले तर झिंकनं आपलं काम केलेलं नाही.

होडी पाण्यात गेल्यावर दोन-तीन नॉटवर, मंद इंजिन पुढच्या गिअरमध्येच असताना, ते बंद करा. न्यूट्रलमध्ये बंद केलं तर शाफ्ट मोकळा फिरत राहतो आणि पाती वळतच नाहीत. मग शिडावर चालताना न्यूट्रल करून शाफ्टकडे बघा. तो स्थिर असेल तर पाती रेषेत आली. फिरत असेल तर पुन्हा इंजिन चालू करून, पुढे-मागे दोनदा गिअर टाकून तेच करा. तिसऱ्यांदाही फिरत राहिला तर होडी परत वर घ्या आणि आधी पात्यांच्या मुळाशी बघा.